कानगोष्टी : ‘मॅगॉट ब्रेन’बद्दल आलेली पत्रं

गेल्या महिन्यात या सदरात मी ‘मॅगॉट ब्रेन’वर अर्धं पान लिहिलं होतं. फंकाडेलिक हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांचा बँड. डेट्रॉइटच्या वेस्टबाउंड कंपनीने जुलै १९७१ मध्ये काढलेली त्यांची ही तिसरी तबकडी. सात गाणी आणि एकूण वेळ सदतीस मिनिटांच्या आत. त्यातलं पहिलं, अल्बमच्याच नावाचं, म्हणजे दहा मिनिटांचं गिटारवादन. एवढंच लिहून मी पुढे गेलो होतो. पण पत्रं इतकी आली, आणि त्यातली काही इतकी मनापासून लिहिलेली, की हा महिना त्यांनाच दिला आहे.

माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री अकरानंतर दिवा मालवून तो तुम्ही लिहिलेलं ते दहा मिनिटांचं गिटार ऐकत पडतो. शब्द जवळजवळ नाहीतच, कुणीतरी रडतंय असं वाटत राहतं. विचारलं तर म्हणाला, ‘आई, वाजवणाऱ्याला सांगितलं होतं की तुझी आई मेली.’ हे खरं आहे का? असं कुणी कुणाला सांगतं का? मला ते ऐकवत नाही. त्याला ऐकू द्यावं की नाही, तेही कळत नाही. (एक आई, कोल्हापूर)

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी गोष्ट नीट सांगतो, कारण ती तुमच्यापर्यंत अर्धीच पोचली आहे.

वाजवणाऱ्याचं नाव एडी हेझल. जन्म १९५० चा, ब्रुकलिनमधला. त्याच्या आईचं नाव ग्रेस कुक. न्यूयॉर्कमधली नशापाणी आणि गुन्हेगारी यांपासून पोरगा लांब राहावा म्हणून ही बाई मुलाला घेऊन न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्ड गावात राहायला गेली. मोठ्या भावाने नाताळात त्याला गिटार दिली. चर्चमध्ये तो गायचाही.

त्याच प्लेनफिल्डमध्ये जॉर्ज क्लिंटन नावाच्या माणसाचं केशकर्तनालय होतं, ‘सिल्क पॅलेस’. केस कापता कापता क्लिंटन आणि त्याचे मित्र गाणी बसवायचे. त्यांच्या गायकसंचाचं नाव पार्लमेंट्स. १९६७ मध्ये त्यांचं एक गाणं गाजलं आणि दौऱ्यासाठी वादकांची गरज पडली. दुकानात झाडलोट करणारा बिली नेल्सन हा पोरगा बासवर, म्हणजे खर्जातल्या गिटारवर, आला आणि त्याने एडीचं नाव सुचवलं. एडी तेव्हा सतरा वर्षांचा. ग्रेसबाईंनी साफ नाही म्हटलं. क्लिंटन आणि बिली दोघांनी मिळून त्यांची समजूत घातली, तेव्हा कुठे पोरगा बाहेर पडला. पुढे पार्लमेंट्स या नावावरून कज्जा झाला, आणि मागे बसून साथ करणारी हीच पोरं फंकाडेलिक म्हणून पुढे आली.

आता तो दिवस. जागा डेट्रॉइटमधला युनायटेड साउंड सिस्टिम्स हा स्टुडिओ. एडीचं वय विशीचं. क्लिंटन त्याला म्हणाला, तुझी आई गेली असं तुला आत्ताच कळलंय असं समज आणि वाजव. त्याने खोटी बातमी दिली नव्हती, कल्पना करायला सांगितलं होतं. हा फरक तुम्हाला महत्त्वाचा वाटेल म्हणून मुद्दाम लिहितोय. पहिला अर्धा भाग आई गेली म्हणून वाजव आणि दुसरा अर्धा ती जिवंत आहे असं कळलं म्हणून वाजव, असाही एक पाठ सांगतात. दोघंही तेव्हा एलएसडी या अमली पदार्थाच्या अंमलाखाली होते, हे क्लिंटनने कधी लपवलं नाही, म्हणून मीही लपवत नाही. आणि जे वाजलं ते एका दमात वाजलं, असंच आजवर सांगितलं जातं.

असं कुणी कुणाला सांगतं का, हा तुमचा खरा प्रश्न. मला विचाराल तर मी माझ्या विद्यार्थ्याला कधी सांगणार नाही. विशीतल्या मुलाच्या मनात असं काही ठेवायचा हक्क कुणाला नाही, गाणं कितीही मोठं झालं तरी. पण एडीला ते ऐकून काय दिसलं असेल याचा विचार करतो तेव्हा मला प्लेनफिल्डचं ते दार दिसतं, जिथे ही बाई आडवी उभी राहिली होती. जिने त्याला जाऊ देण्याआधी दहादा विचार केला, तीच बाई त्याला गमवायला सांगितली होती. त्या वादनातला हुंदका उसना नाही.

अजून एक गोष्ट तुमच्या मुलाला सांगा. त्याला बहुधा माहीत नसेल. त्या दिवशी एडी एकटा वाजवत नव्हता. मागे ड्रम होते, बास होता, दुसरी गिटार होती. क्लिंटनने मिक्सिंगच्या वेळी, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवताना, जवळजवळ सगळ्यांचे आवाज खाली ओढले. उरली ती मागे एक गिटार, तेच मोजके कॉर्ड, म्हणजे स्वरांचे जुडगे, सूर-सूर सुटा करून फिरवत राहणारी, आणि पुढे एडी. मग क्लिंटनने एडीच्या सुरांवर त्यांचाच प्रतिध्वनी चढवला, पुनःपुन्हा. म्हणून ते वादन रिकाम्या घरात हाक मारल्यासारखं ऐकू येतं. घर रिकामं नव्हतं, ते रिकामं केलं गेलं.

ग्रेसबाई त्यानंतरही होत्या. फंकाडेलिकच्या १९७४ च्या अल्बममधली गाणी एडीने क्लिंटनबरोबर रचली, आणि तबकडीवर स्वतःच्या नावाऐवजी आईचं नाव घातलं : ग्रेस कुक. ज्या मुलाला आई गेली असं समजायला लावलं, त्याने तीन वर्षांनी आईचं नाव छापून आणलं. मला या अख्ख्या कहाणीत याहून मोठं काही वाटत नाही.

ऐकू द्यावं का? द्या. पण एकदा दिवा लावून त्याच्या शेजारी बसा आणि पुढचं गाणंही लावायला सांगा. दहा मिनिटांच्या त्या काळोखानंतर लगेच साधी, लाकडी गिटार वाजते आणि बायका-पुरुष मिळून गायला लागतात. चर्चमधलं गाणं अंगणात आल्यासारखं. हा क्रम लावणाऱ्याने विचार करून लावला आहे. पहिलंच गाणं तेवढं उचलून रात्री ऐकणाऱ्याला ती सुटका मिळत नाही.

मी एकोणीस वर्षांचा आहे. ‘मॅगॉट ब्रेन’च्या त्या गिटारवादनाची टॅब, म्हणजे कुठली तार कुठे दाबायची याची लिपी, काढून आठ महिने वाजवतोय. सूर सगळे बरोबर येतात, तरी तसं वाटत नाही. सर म्हणतात पेडल चांगलं नाही. कुठलं घेऊ? (नाशिक)

बाळा, पैसे जपून ठेव. आधी त्या आवाजात काय काय आहे ते समजून घे.

एक म्हणजे फझ, आवाज बदलणारं, पायाशी ठेवायचं पेडल. गिटारचा सूर लाटेसारखा येतो, फझ त्या लाटेचा माथा कापून सपाट करतं. त्यामुळे सूर खरखरीत होतो आणि मुख्य म्हणजे लवकर मरत नाही, लांबतो. दुसरं वा-वा पेडल. पायाखालची पट्टी पुढे दाबली की सुरातला टोकदार भाग वर येतो, मागे घेतली की गोल, दबलेला. तोंडाने ‘ऊ’पासून ‘आ’पर्यंत सावकाश जाऊन बघ, तेच पाय करतो. तिसरा तो प्रतिध्वनी, तो एडीच्या हातचा नाही, मिक्सिंगमध्ये घातलेला. स्वस्तातलं फझ आणि स्वस्तातलं वा-वा यांत हे सगळं मिळतं. अडलंय ते तिथे नाही.

तुझं रेकॉर्डिंग तू पाठवलं होतंस, ते मी हेडफोन लावून ऐकलं. सूर खरंच बरोबर आहेत. पण तू एक ओळ संपवून दुसरी लगेच धरतोस. मूळ वादन लाव, आणि एडीने तार ओढून सूर वर नेला की बोटावर मोज, तो तिथे किती वेळ थांबतो. ओढलेली तार वरच्या सुरापर्यंत पोचायच्या आधी त्याला घाई नसते. मींड काढणारा सतारिया जसा मधली वाट चालून जातो, तसा तो जातो. तू थेट मुक्कामावर उतरतोस. आणि दोन ओळींमध्ये तो श्वास घेतो. तू घे, खरोखरचा, नाकाने. एक ओळ गाऊन बघ, दम संपेल तिथे थांब, मग तीच ओळ वाजव. महिनाभर एवढंच कर. पाचव्या मिनिटानंतरची ती धावपळ आत्ता सोडून दे.

ऐंशीच्या दशकात मी मुंबईत ऑर्केस्ट्रात रिदम गिटार वाजवायचो, तेव्हा मलाही वाटायचं की जास्त वाजवणारा तो मोठा. माझा मावसभाऊ बोटीवर नोकरीला होता, त्याने नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर एका बाजूला हा अल्बम भरून आणला होता. लालबागच्या खोलीत सगळे झोपलेले, म्हणून टेपरेकॉर्डर उशीखाली घालून ऐकायचो. टेपरेकॉर्डरच्या छोट्या स्पीकरला खर्ज झेपायचा नाही, वरचा सूर तेवढा यायचा, आणि मधल्या शांततेत कॅसेटची खरखर. ती शांतताच माझ्या लक्षात राहिली. सूर नंतर बसवले.

मायकल हॅम्प्टनची गोष्ट तुला सांगायलाच हवी. सतराव्या वर्षी या मुलाने क्लीव्हलंडमध्ये क्लिंटनपुढे ‘मॅगॉट ब्रेन’ सुरानिशी सूर वाजवून दाखवलं, आणि त्याला बँडमध्ये घेतलं गेलं. पुढे मैफलीत ते वादन त्याचंच झालं. म्हणजे सुरानिशी सूर उतरवणं वाईट नाही. त्याची तिथपासून सुरुवात झाली.

मी बँकेतून निवृत्त झालो, पेटी वाजवतो. नातवाने तुमचा लेख दाखवून ते वादन ऐकवलं. मला तो मालकंस वाटला. बरोबर आहे का? आणि दुसऱ्या गाण्यात चेकबद्दल काय म्हटलं आहे? (सातारा)

काका, फार जवळ आलात, पण मालकंस नाही. मालकंसात पंचम वर्ज्य, आणि कोमल धैवत लागतो. एडीचा पंचम भक्कम आहे, तो त्यावर वारंवार येऊन टेकतो. कोमल गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल निषाद, म्हणजे मुख्यतः धानी रागाचे स्वर. तिकडे याला मायनर पेंटाटॉनिक म्हणतात, ब्लूजचा, म्हणजे तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या लोकगाण्याचा, सगळा संसार त्यावर चालतो. अर्थात राग म्हणून तो वाजवत नाही, मध्येच दुसरे सूर घेतो, त्याला कुणाची आडकाठी नाही. मालकंस वाटण्याचं कारण मला वाटतं तो गांभीर्याचा रंग आणि संथ चाल. पेटीवर षड्ज धरून पंचम घालून आणि गाळून असं दोनदा वाजवा, क्षणात कळेल.

चेकचं मात्र तुमच्या खात्यातलं निघालं! गाणं ‘कॅन यू गेट टु दॅट’. उधारीवर प्रेम करणाऱ्याची ती कैफियत आहे. चुंबनांच्या सहीने लिहिलेले चेक ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ असा शिक्का घेऊन परत येतात, असं ते म्हणतात. चाल त्यांच्याच पार्लमेंट्सच्या जुन्या गाण्याची, नव्याने बांधलेली. मध्येच एक खर्जातला आवाज येतो, तो रे डेव्हिसचा. पेटीच्या पहिल्या सप्तकाच्याही खाली गेल्यासारखा वाटतो.

फंक आणि रॉक यांत नेमका फरक काय? तुम्ही ‘फंक रॉक’ लिहिलं होतं. मला सगळा गोंगाट एकच वाटतो. (ठाणे)

तुम्ही सम ओळखता ना? मग काम सोपं आहे. रॉकमध्ये चारच्या मात्रांत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठोका जोरात पडतो, टाळ्या तिथेच वाजतात. फंकमध्ये तो ठोका असतोच, पण सगळे जण पहिल्या मात्रेला धरून असतात. अमेरिकन गायक जेम्स ब्राउनने आपल्या वादकांना हेच शिकवलं, आणि त्याला ते ‘द वन’ म्हणतात. बास, ड्रम, गिटार, सगळे वाटेल तिथे भटकून समेवर एकत्र येतात. तबल्याची तिहाई पडल्यावर मान जशी आपोआप हलते, तसं तिथे कंबर हलते.

गिटारचं काम इथे फार वेगळं होतं, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण बारा वर्षं मी तेच केलं. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवायची, दाबायची नाहीत. उजवं मनगट मात्र थांबवायचं नाही, एका आवर्तनात सोळा वेळा वर-खाली. तारा दाबलेल्या नसल्याने सुराऐवजी नुसतं ‘चिक-चिक’ येतं, खंजिरीसारखं. सोळातल्या दोन-तीन ठिकाणीच डावा हात क्षणभर दाबायचा, की तेवढाच कॉर्ड बोलतो. म्हणजे तेरा वेळा हात हलवायचा आणि सूर द्यायचा नाही. तासाभराने अंगठ्याच्या मुळाशी गोळा येतो. प्रेक्षकांना तो हात ऐकू येत नाही, पण तो थांबला की नाचणारे थांबतात. पंचमदांच्या सत्तरीतल्या हिंदी गाण्यांत वा-वा पेडल आणि ही चिक-चिक आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ते वळण याच घराण्यातून आलेलं.

फंक रॉक म्हणजे खाली ही समेची पकड आणि वर जिमी हेंड्रिक्स या रॉक वादकासारखी कडाडणारी गिटार. या अल्बममध्ये तिसरं गाणं लावा, ‘हिट इट अँड क्विट इट’. त्यातला ऑर्गन आणि मुख्य आवाज बर्नी वॉरेलचा. लहानपणापासून पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकलेला हा माणूस, ते शिक्षण त्याच्या बोटांतून लपत नाही. मग पाचवं, ‘सुपर स्टुपिड’. इथे एडी हेझल गातो आणि वाजवतो. पहिल्या गाण्यातला तोच माणूस, पण आता मागे सगळा बँड घेऊन. टिकी फुलवूडचे ड्रम, बिली नेल्सनचा बास आणि टॉल रॉसची दुसरी गिटार. बँडचे आवाज पहिल्या गाण्यात काढून घेतले होते, इथे ते सगळे परत आले आहेत. तुम्हाला गोंगाट वाटला तो हाच असणार. एकदा फक्त बास ऐका, एकदा फक्त ड्रम. तिसऱ्यांदा गोंगाट राहणार नाही.

चौथं गाणं बिली नेल्सनने गायलं आहे. श्रीमंतांच्या वाट्याला मोठा हिस्सा आणि गरिबांच्या वाट्याला झुरळं नि उंदीर, असं ते सरळ म्हणतं. १९६७ मध्ये प्लेनफिल्ड आणि डेट्रॉइट दोन्ही गावं दंगलींत जळली होती, आणि हा बँड याच दोन गावांत वाढला. शेवटचं गाणं जवळजवळ दहा मिनिटांचं, गर्दीच्या घोषणा आणि भलतेसलते आवाज घुसवलेलं. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. मला ते पूर्ण जमलेलं वाटत नाही, पण काढूनही टाकावंसं वाटत नाही.

मुखपृष्ठावर मातीतून वर आलेलं बाईचं किंचाळणारं डोकं आहे. हे कशासाठी? (पुणे)

समोर ठेवलं तर घरात मुलं घाबरतात, हे खरं. मागच्या बाजूला त्याच जागी कवटी आहे. पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला क्लिंटनच्या आवाजात जे चार शब्द येतात ते धरणीमातेबद्दलच आहेत : ती गरोदर आहे, आणि बोलणाऱ्याने विश्वाच्या मनातल्या किड्यांची चव घेतली आहे. मला ते चित्र त्याला जोडूनच दिसतं. मॉडेल बार्बरा चीजबरो. ‘एसेन्स’ हे कृष्णवर्णीय स्त्रियांचं मासिक १९७० मध्ये निघालं, त्याच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर याच होत्या. तिथे त्यांचा चेहरा पाहा आणि मग इथे पाहा.

या वादकांचं पुढे काय झालं? आणि हा अल्बम आज विकत घ्यायचा तर कुठला घ्यावा? (नागपूर)

हा संच या अल्बमनंतर टिकला नाही. बिली नेल्सन पैशांच्या वादातून गेला, टॉल रॉस नशेच्या एका भयंकर प्रकारानंतर संगीतातून जवळजवळ नाहीसाच झाला, टिकीही सुटला. एडी जात-येत राहिला, मध्ये तुरुंगातही गेला. १९७७ मध्ये त्याने स्वतःच्या नावाने एक अल्बम काढला. २३ डिसेंबर १९९२ रोजी तो वारला, यकृत निकामी होऊन, बेचाळिसाव्या वर्षी. ज्या गोष्टींपासून लांब ठेवायला त्याच्या आईने गाव बदललं होतं, त्यांनीच त्याला गाठलं. त्याच्या अंत्यविधीत ‘मॅगॉट ब्रेन’ वाजवलं गेलं.

घ्यायचा तर २००५ ची आवृत्ती घ्या. माझ्या लेकीने ती टोरांटोहून पाठवली होती. तिच्यात शेवटी पहिल्या गाण्याचं दुसरं मिक्सिंग जोडलेलं आहे, ज्यात ड्रम आणि बास काढलेले नाहीत. मी ते पहिल्यांदा लावलं तेव्हा बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, ‘आज मागे माणसं आहेत.’ तिने ते गाणं चाळीस वर्षं माझ्याबरोबर ऐकलं आहे, गिटार कधी हातात धरलेली नाही. आम्ही दोघांनी ते सबंध ऐकलं. टिकी अगदी हळू वाजवतोय, बिली खाली एकेक सूर ठेवतोय, आणि पुढे एडी, ज्याला ठाऊक नाही की हे दोघं थोड्या दिवसांत पुसले जाणार आहेत. तो त्यांच्या आधाराने वाजवतोय. मग जेवायला बसलो.